चूक दाखवणारे माणूस पाहिजे

माझी पणजी सिउला, तिची मुलगी फिफिता, तिची मुलगी मेलेसेइनी आणि मेलेसेइनीची थोरली मुलगी मी, कालोलाइने. पहिल्या तिघींनी झाडाच्या सालीचे कापड कुटून कुटून साऱ्या टोंगाला अंथरूण-पांघरूण पुरवले. मी कापड कुटले नाही. मी अडतीस वर्षे प्राथमिक शाळेत मुले कुटली!

पदवी नाही म्हणून तीन वेळा मुख्याध्यापिकेची खुर्ची माझ्यासमोरून उचलून नेण्यात आली. तिसऱ्या वेळी तर ती माझ्याच एका विद्यार्थ्याला मिळाली, ज्याला मी नाक पुसायला शिकवले होते. तेव्हा निवृत्त झाल्यावर मी ठरवले, पदवी घ्यायचीच! एकाहत्तराव्या वर्षी मी शेवटच्या वर्षाला पोहोचले. उरला तो केवळ प्रबंध. विषय अर्थातच आमच्या घराण्यातील सालीचे कापड. त्या विषयात माझी चूक काढील असा माणूस या बेटांवर अद्याप जन्मलेला नाही, असे मी वर्गात उभी राहून सांगितले.

आणि तेच नडले, वाचकहो!

कारण आमच्या प्राध्यापिका डॉ. लुपे. वय तेहतीस, वाढल्या ऑकलंडमध्ये. त्यांनी नियम केला की वर्गात तिघातिघांचे गट पाडायचे, प्रत्येकाने गटातील इतर दोघांचे प्रबंध वाचायचे, पृष्ठ क्रमांकासह निदान दहा चुका एका फॉर्मवर लिहून द्यायच्या आणि लेखकाने प्रत्येक चुकीला लेखी उत्तर द्यायचे. फॉर्म पुरा नसेल तर प्रबंध स्वीकारला जाणार नाही. शेवटचा दिवस शुक्रवार, दुपारी चार. पुढील वर्षापासून अभ्यासक्रमच बंद. म्हणजे आता नाही, तर कधीच नाही!

माझ्या गटात एक होता पौलियासी, माझ्या धाकट्या भावाचा, होसेआचा, बावीस वर्षांचा मुलगा. दुसरी ओफेइना, एकोणसाठ वर्षांची, बाजारात अननस विकणारी, मागच्या बाकावर बसणारी. तिचा-आमचा नात्याचा संबंध नाही. ती तीन आठवडे एकच उत्तर देत होती, “वाचतेय अजून, बाई.”

पौलियासीने मात्र दुसऱ्याच दिवशी फॉर्म आणून दिला. त्यावर लिहिले होते, “अप्रतिम.”

“चुका कुठे आहेत?” मी विचारले.

“नाहीत, आत्याबाई.”

“दहा हव्यात!”

“आत्याबाई, मी तुमच्या चुका काढू? बाबा मला घरात ठेवतील का?”

मुलाचे चुकत नव्हते. आमच्याकडे बापाची थोरली बहीण म्हणजे घरातील शेवटचा शब्द. लग्नात पहिला मान तिचा, मयतात चटयांचे वाटप तिच्या हातचे, आणि तिच्या बोलण्यात खोट काढणाऱ्याला जेवायला वाढत नाहीत. एरवी ही व्यवस्था मला अत्यंत शास्त्रशुद्ध वाटते. पण त्या फॉर्मच्या दहा रिकाम्या ओळी माझ्याकडे दात पडलेल्या तोंडासारख्या पाहत होत्या!

“गुरुवारपर्यंत दहा चुका आण,” मी आज्ञा केली. “आत्याची आज्ञा आहे!”

गुरुवारी त्याने आणल्या. पहिली : “प्रबंध फार लवकर संपतो, वाचकाला वाईट वाटते.” दुसरी : “अक्षर इतके सुंदर की मजकुराकडे लक्ष राहत नाही.” (प्रबंध छापील होता!) अशा नऊ. दहावी मात्र त्याने बारीक अक्षरात, कोपऱ्यात लिहिली होती : “पृष्ठ ३४ वर पणजी १९११ साली वारल्या. पृष्ठ ६१ वर त्यांनी १९१८ साली मोठे कापड कुटले.”

मी दोन्ही पाने उघडली. माझी पणजी मेल्यावर सात वर्षे साल कुटत होती!

“ही चूक खरी आहे,” मी म्हटले. एवढेच म्हटले. पण चेहरा माझ्या ताब्यात नसावा, कारण पोरगा पांढराफटक पडला आणि घरी जाऊन सारे सांगून बसला.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता होसेआचे सबंध कुटुंब माझ्या अंगणात हजर! कमरेला भल्यामोठ्या, जुन्या, चिंध्या झालेल्या चटया, गळ्यात पानांच्या माळा, खाली मुंडी. सोबत भाजलेले डुक्कर. मोठा अपराध झाला की क्षमा मागायला असेच यायचे आणि एकदा ती मागितली की समोरचा माफ करेपर्यंत उठायचे नाही की तोंड उघडायचे नाही.

“ताई,” होसेआ मान खाली घालून म्हणाला, “कार्ट्यानं पणजीला खोटं ठरवलं. आम्हाला तोंड दाखवायला जागा नाही.”

त्याच क्षणी “उठा रे” म्हटले असते, तर पुढचे काही घडले नसते. पण खरे सांगते, मला ते दृश्य आवडले. विशेषतः भावजयीची खाली घातलेली मान. गेल्या चाळीस वर्षांत ती मान त्या कोनात मी पाहिली नव्हती! मी आत जाऊन सावकाश चहा केला, सावकाश प्यायले आणि दुसरा कप ओतला.

रस्त्यावरून जाणाऱ्यांना काय दिसले? एकाहत्तर वर्षांच्या बाईच्या अंगणात फाटक्या चटया नेसून रडवेले नातेवाईक आणि एक डुक्कर! आमच्याकडे मयतालाही अशाच चटया नेसतात.

साडेदहाला चर्चची गायक मंडळी आली. अकराला शेजारच्या गावची माणसे आली. मी दारात उभी राहून ओरडले, “मी जिवंत आहे!”

एक म्हातारा गहिवरून म्हणाला, “अगदी तिच्यासारखाच आवाज! धाकटी बहीण का?”

“मला बहीण नाही! मीच कालोलाइने!”

“दुःखानं भान सुटलंय बिचारीचं,” बायका म्हणाल्या आणि मला धरून बसवले. समोर मयताला आहेर म्हणून आणलेल्या चटयांचा ढीग वाढत चालला. आयुष्यभर असे ढीग मीच वाटले आहेत, त्यामुळे डोळा आपोआप पारखू लागला. जिच्या पाचही बाळंतपणांत मी राबले, त्या भावजयीने, मी जिवंत असल्याचे पाहूनही, गुपचूप घरून मागवून ठेवलेली चटई उंदरांनी कुरतडलेली होती. स्वतःची किंमत जिवंतपणी कळण्याचे भाग्य थोड्यांनाच लाभते!

तेवढ्यात फोन वाजला. डॉ. लुपे.

“कालोलाइनेबाईंचं कळलं. फार वाईट झालं.”

“मीच बोलतेय!”

“असं होय? मग चार वाजेपर्यंत वेळ आहे तुम्हाला.” फोन बंद.

बारा वाजता ओफेइना गर्दी फोडत आली. धापा टाकत, घामाघूम. माझा ऊर भरून आला. निदान एक तरी माणूस माझ्यासाठी धावत आले!

“तुम्ही गेलात असं ऐकलं, बाई!”

“वाईट वाटलं ना?”

“वाटणारच! माझा फॉर्म कचेरीनं परत पाठवलाय. तुम्ही मेलात तर दुसऱ्या वाचकाची सही कुणाची आणू?”

तिने फॉर्म पुढे केला. वर माझ्या ठसठशीत अक्षरात एकच शब्द होता, “छान.”

“छानच आहे तो!” मी म्हटले.

“कशावर आहे?”

मी चर्चच्या मंडळींकडे पाहिले. त्यांनी ऐन वेळी गाणे थांबवले होते.

“बाजार,” मी म्हटले.

“बाजारातलं काय?”

तिने पिशवीतून माझा प्रबंध काढला. प्रत्येक पानावर लाल शाई!

“त्रेचाळीस आहेत,” ती म्हणाली. “पृष्ठ बारा, ‘हे सर्वांना ठाऊक आहे.’ कुणाला? पृष्ठ वीस, एकच साक्षीदार, आणि ती तुम्हीच. पृष्ठ सत्तर, तुमच्या आजीनं एकटीनं चाळीस हात कापड कुटलं म्हणता. बाई, ते कधी एकटीनं कुटतात का? बाकीच्या बायका कुठं गेल्या?”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी एकेक पान तपासले, एक तरी चूक चुकीची निघावी म्हणून. निघाली नाही.

“इतकं कोणाच्या जिवावर उठतात का गं?” मी म्हटले.

“मी सहावीत होते,” ती शांतपणे म्हणाली. “शिष्यवृत्तीचा निबंध तुम्हाला दाखवला. तुम्ही वर लिहिलंत, ‘छान.’ मी तोच पाठ करून परीक्षेत उतरवला. नापास. मग दुसऱ्या मास्तरांनी दाखवलं, दुसरं पान लिहायचंच राहून गेलं होतं. पहिल्या पानावर होडी बुडाली आणि तिसऱ्यावर मी त्याच होडीतून घरी आले. तुम्हाला कळलं नाही, बाई, कारण तुम्ही वाचलाच नव्हता. सत्तेचाळीस वर्षं झाली. माझं एक वाचन तुमच्याकडं राहिलंय.”

अंगणात साठ माणसे होती. एकही मला म्हणाला नाही की बाई, तुम्ही तशा नव्हत्या.

मी घड्याळ पाहिले. साडेबारा. साडेतीन तासांत त्रेचाळीस चुकांची उत्तरे कशीबशी लिहून झाली असती. किंवा तिची नव्वद पाने वाचून झाली असती. दोन्ही नाही.

“गाणं बंद!” मी गरजले. “होसेआ, उठा सगळे, क्षमा केली! डुक्कर कापा! पौलियासी, लाल पेन!”

मी चटयांच्या ढिगावर बसले आणि वाचू लागले. अननस विकणाऱ्या बायका पावसाळ्यात पोट कसे भरतात, यावर तो प्रबंध होता. तो छान नव्हता. तो चांगला होता, आणि त्यात एकोणतीस चुका होत्या. मी एकही सोडली नाही. ती शेजारी बसून हुज्जत घालत उत्तरे लिहीत होती.

“ही चूक नाही, बाई!”

“आहे! पृष्ठ आठ आणि पृष्ठ ऐंशी ताडून पाहा. मुकाट्यानं लिही!”

लोकांना हळूहळू मी जिवंत असल्याची खात्री पटली आणि ते आपापल्या चटया उचलून घेऊन गेले. भावजय सर्वांत आधी. शेवटी मी जमिनीवर आले, तेही वाचता वाचता.

साडेतीनला सही केली. पौलियासीने गाडी काढली. “आत्याबाई, तुमचा प्रबंध?”

“दोन उत्तरं झाली आहेत. एक्केचाळीस बाकी आहेत. तिला ने!”

साडेचार वाजता ओफेइना परत आली. फॉर्मवर कचेरीचा शिक्का होता.

“घेतला,” ती म्हणाली. “लुपेबाई म्हणाल्या, असं वाचन त्यांनी वर्गात पाहिलं नाही. फिटलं, बाई. आता तुमच्याकडं माझं काही राहिलं नाही.”

आणि ती गेली. आभार मानले नाहीत. फेडलेल्या देण्याचे आभार कोण मानतो? मी ते सत्तेचाळीस वर्षे उशिरा, पण पुरते फेडले होते.

तरी मी अंधार पडेपर्यंत फाटकाकडे पाहत बसले होते, एवढे मात्र आमच्या भावजयीला सांगू नका.