भागाबाईच्या घरचं पाणी

पेला घेऊन शेजारी जायचं, पाणी आणायचं, सासऱ्यांना गोळी द्यायची आणि दुकानात जाऊन बसायचं, एवढाच अभयकुमारचा बेत होता. (संसारातले त्याचे सगळे बेत एवढेच असत. लांबायचे ते आपले आपण.)

धुळ्याला त्याचं कापडाचं लहानसं दुकान होतं. सासरे माणकचंद शेठ अमळनेरला सरकीचा व्यापार करत. मुलीच्या घरचं पाणी बापाला वर्ज्य, हा त्यांच्या घराण्याचा नेम. लग्नाला आठ वर्षं झाली होती. शेठजी वर्षातून दोनदा यायचे, पेढ्यांचा पुडा ठेवायचे, बैठकीत तासभर बसायचे आणि कोरड्या घशाने परत जायचे. अभयकुमारची बायको कुसुमलता दर वेळी पाण्याचा पेला भरून दाराआड उभी राहायची आणि ते गेले की पेला मोगऱ्याच्या आळ्यात ओतायची. मग दोन दिवस ती कुणाशी धड बोलत नसे. 'कुणाशी' म्हणजे अर्थात अभयकुमारशी.

ते साल दुष्काळाचं, महिना मे. मुलीकडे उपाशी बसायचं म्हणून शेठजींनी वाटेत पारोळ्याला चार कचोऱ्या खाऊन घेतल्या. कचोऱ्या सकाळच्या होत्या की आदल्या दिवसाच्या, हे धुळं येईपर्यंत त्यांच्या पोटाने ठरवलं. ओटा चढताना पहिली उलटी झाली. त्यानंतर शेठजी बैठकीतल्या खाटेवर कमी आणि परसातल्या संडासात जास्त, असा दिवस गेला.

डॉक्टर आले. त्यांनी सुई टोचली, उलटीच्या गोळ्या दिल्या आणि जुलाबासाठी खडूच्या रंगाचं मिक्स्चर दिलं. बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी डकवलेली होती.

"पोटात पाणी गेलं पाहिजे," डॉक्टर म्हणाले. "मीठ-साखर घालून घोट घोट देत राहा. नाहीतर उद्या दवाखान्यात सलाइन. वय लहान नाही यांचं."

"गोळी कशाबरोबर द्यायची?" अभयकुमारने विचारलं.

"पाण्याबरोबर! दुसरं कशाबरोबर घेतात?"

(डॉक्टर नवे होते. मुलीच्या घरच्या पाण्याचा आजार त्यांच्या पुस्तकात नव्हता.)

"कुंवरसाब, कोरडीच द्या," शेठजी खोल आवाजात जावयाला म्हणाले. कोरडी गोळी टाळ्याला चिकटली आणि पुढच्या उलटीबरोबर बाहेर आली. मिक्स्चर मात्र चाललं, कारण त्यात कंपाउंडरचं पाणी होतं.

कुसुमलता भरला पेला घेऊन दारात उभी होती. "बाबूजी, एकच घोट."

"बाई, नेम आहे." शेठजींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. तिचे डोळे भरले. ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, माझ्या घरात पाण्यावाचून माझ्या बापाला काही झालं, तर मी जन्मभर तोंड दाखवणार नाही. काहीतरी करा!"

म्हणून अभयकुमार पेला घेऊन शेजारच्या भागाबाईकडे गेला.

"पानी? भाऊ, हाई तं तुमनीच हिरनं पानी शे," भागाबाई म्हणाली. "सकायमाच भरी लयनू."

खरंच होतं ते. गल्लीतल्या साऱ्या विहिरी आटल्या होत्या, नळ चार दिवसांनी एकदा गुरगुरायचा. पाणी होतं ते अभयकुमारच्या परसातल्या विहिरीला, आणि सगळी गल्ली तिथेच भरायची.

"तुमच्या माठात आलं ना? मग तुमचं झालं," अभयकुमार म्हणाला.

"तुमनं तुमले म्हाईत," भागाबाई म्हणाली आणि तिने पेला भरून दिला.

शेठजींनी विचारलं, "कुणाकडचं?"

"भागाबाईकडचं." (यात खोटं एक अक्षर नव्हतं.)

गोळी पोटात गेली आणि राहिली. तेव्हापासून दर अर्ध्या तासाला एक पेला सुरू झाला. मीठ भागाबाईचं, साखर कोपऱ्यावरच्या रुपचंदच्या दुकानातली, पेजही भागाबाईच्या चुलीवरची. अभयकुमारच्या दुकानाचं कुलूप काही निघालं नाही. गल्लीतले लोक अभयकुमारच्या येण्याजाण्यावर घड्याळं लावू लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी भागाबाई म्हणाली, "माठ रिकामा पडना, भाऊ."

अभयकुमार घरी आला. विहिरीवरून बादली शेंदली, कुंपणाच्या फटीतून वाकून पलीकडे नेली, भागाबाईच्या माठात ओतली, जरा वेळ थांबला (पाण्याला घर बदलल्याचं कळायला हवं), मग पेला भरून पुढच्या दाराने ऐटीत घरात आला. असं त्या दिवशी चारदा झालं. पाठीत उसण भरली, पण शेठजींचे फेरे कमी होत गेले आणि कुसुमलता एकदा चक्क हसली. पाठीचं काही वाटेनासं झालं.

तिसऱ्या दिवशी शेठजी तक्क्याला टेकून बसले. भागाबाई तब्येतीची विचारपूस करायला आली. शेठजींनी हात जोडले. "बाई, तुमच्या पाण्याने वाचलो."

अभयकुमार तिच्याकडे डोळे मोठे करून पाहत राहिला, पण उपयोग झाला नाही.

"नाना, माले खोटं बोलता येत नही," भागाबाई म्हणाली. "पानी तुमना जावाईनी हिरनं शे. बठ्ठी गल्ली तठूनच भरस."

कुसुमलताचा हात पदराशीच थांबला. अभयकुमारने तोंडातल्या तोंडात नवकार मंत्र सुरू केला.

"ठाऊक आहे," शेठजी म्हणाले. "पहिल्या दिवशी मी वीस वेळा परसात गेलो. विहीर कुठे आहे आणि त्यावर कोण भरतं, हे मला दिसत नव्हतं? तेव्हा रागवायला अंगात त्राण नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्राण आलं. संडासाच्या दाराच्या फटीतून पाहिलं, तर कुंवरसाब बादली घेऊन कुंपणातून रांगत होते. मग राग आला तो माझाच. पोरीला आठ वर्षं रडवली मी." ते मुलीकडे वळले. "कुसुम, आण पाणी. तुझ्या हातचं."

ती धावतच गेली. पेला देण्याच्या घाईत निम्मं पाणी शेठजींच्या धोतरावर सांडलं. उरलेलं ते शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. ती हमसून हमसून रडली. आता उद्या दुकान उघडायचं, असं अभयकुमारच्या मनात येऊन गेलं.

शेठजींनी पेला खाली ठेवला आणि मिशा पुसल्या.

"पाणी चांगलं आहे, कुसुम. पण जरा कोमट आहे. भागाबाईच्या माठातल्याची चव निराळीच. तीन दिवसांत सवय लागली बघा. कुंवरसाब, एक पेला आणता?"

"माठ रिकामा शे, भाऊ," भागाबाई म्हणाली.

अभयकुमार उठला आणि त्याने आधी बादली घेतली.