कोंड्याच्या पोटऱ्या

पाय सोडले तर सेप्टिमस प्रुएटची देवाकडे कसलीच तक्रार नव्हती. नाक सरळ, केस कुरळे, गळ्याचा रुमाल इतका ताठ की मान वळवायची तर अख्खा माणूस वळवावा लागे. पाय मात्र नुसत्या काठ्या. दिवसा लांब विजारीत ते झाकून जात, पण इंग्लंडातल्या बाथ शहराच्या नाचघरात गुडघ्यापर्यंतची तंग विजार आणि रेशमी मोजे असल्याशिवाय दारातूनच परत पाठवत, मग तुम्ही कोणी का असेना.

आणि आज जाणं भाग होतं. मिस थिओडोरा हॅलम उद्या सकाळी आईवडिलांबरोबर डेव्हनला परत निघणार होती. तिथे सर बेझिल नावाचा एक श्रीमंत विधुर तिच्यासाठी टपून बसला होता. लग्नाचं विचारायचं तर आजच. त्यात थिओडोराला कादंबऱ्यांचं वेड. परवाच चहा पिताना ती म्हणाली होती, "भरदार पोटऱ्या नसलेला नायक मी अजून वाचलेला नाही."

"एवढंच ना?" हेस्टरमावशी म्हणाली. "टाचण्या टोचून ठेवायच्या गाद्या शिवण्यात माझा जन्म गेला. पोटरी म्हणजे तरी वेगळं काय असतं रे?"

मावशीने कापडाच्या दोन पोटऱ्या शिवल्या, गादीत भरतात तसा गव्हाचा कोंडा ठासला आणि मोज्यांच्या आत बसवल्या. सेप्टिमसने आरशात बाजूने पाहिलं आणि तो स्वतःच्याच पायांवर खूश झाला. "मावशी, आज ती नाही म्हणूच शकत नाही!"

पहिला नाच झोकात झाला. एका मुलीबरोबर दोनच नाच करायची रीत, तिसरा मागितला की गावभर बभ्रा. म्हणजे आता उरला एक. त्याच्या सुरुवातीला सेप्टिमस उत्साहात जरा जास्तच वाकला आणि डाव्या मोज्यासकट आतली पोटरी टर्रकन उसवली.

मग प्रत्येक उडीबरोबर कोंडा सांडू लागला. डावी पोटरी ओसरत चालली, उजवी तशीच गुबगुबीत. उजवा पाय तिच्याकडे राहील असा तो नाचू पाहायचा, पण नाचात बाजू बदलाव्याच लागतात. जमिनीवर खडूने काढलेल्या फुलांच्या वेलीवर कोंड्याची दुसरी वेल उमटली आणि लोक तिचा माग काढत थेट सेप्टिमसपर्यंत पोहोचले.

थिओडोराने खाली पाहिलं. "मिस्टर प्रुएट, तुम्ही सांडताय."

सेप्टिमसला वाटलं, संपलं सगळं. आता लपवायचं तरी काय? "कोंडा आहे," तो म्हणाला. "कोंडा वगळून जो उरेल तो मी. त्याच्याशी लग्न कराल?"

ती इतकी हसली की तिला खुर्ची गाठावी लागली. डोळे पुसत म्हणाली, "माझे सगळे नायक गडावरून उड्या मारतात. पण सगळ्या गावादेखत पाय रिकामा होत असताना नाच पुरा करणारा एकही नाही. करीन. आधी दुसरीही रिकामी करा, जोडी तरी जमू दे. आणि बाबांना विचारा."

बाबा म्हणजे कर्नल हॅलम. ते कोंड्याची वेल न्याहाळत खांबाजवळ उभे होते. दंडाला धरून त्यांनी सेप्टिमसला पडद्याआड ओढलं.

"कोंडा?" कर्नल दबक्या आवाजात म्हणाले. "गाढवा, लोकर भरायची असते. लोकर! माझ्याकडे बघ. लग्नाच्या आधीपासून वापरतोय, बायकोलासुद्धा पत्ता नाही. पोरगी हो म्हणाली असेल तर माझीही ना नाही, पण हे तोंडातून बाहेर पडता कामा नये."

सेप्टिमसच्या छातीवरचं ओझं उतरलं. हा माणूस त्याला एकदम सख्ख्या बापासारखा वाटू लागला.

तेवढ्यात पडद्यापलीकडून मिसेस हॅलमचा शांत आवाज आला. "अहो, तेवढी डावी वर ओढून घ्या. आणि जावईबापूंना सांगा, लोकर दरवर्षी पिंजून उन्हात घालावी लागते. तुमची मी घालतेच आहे."