अकरा मिनिटांची लाल पाटी

"सूनबाई गुणाची आहे हो, पण सुरू आहे की बंद, तेच कळत नाही."

हे सासूबाई स्वयंपाकघरात सासऱ्यांना सांगत होत्या आणि मी दाराबाहेर धुतलेल्या कपांचा ट्रे घेऊन उभी होते. सासरे म्हणाले, "नवीन आहे. वेळ लागतो." मी ट्रेसकट मागे फिरले. (ते कप जागेवर जायला मग अर्धा तास लागला. डोकावावं तेव्हा आत कोणीतरी होतंच.)

लग्नाला दीड महिना झाला होता. तेवढ्या काळात मी त्या घरात "हो", "चालेल" आणि "मीठ पुरे" एवढंच बोलले होते. लग्नाआधी दोन वर्षं मी एका छापखान्यातले कॉम्प्युटर सांभाळायचे, हेही सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं.

त्याच आठवड्यात पुढच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरने मान टाकली. सासूबाईंचं भरतकामाचं मशीन त्याच्यावर चालायचं. कॉम्प्युटरवर नक्षी उघडायची, की मशीन आपोआप कापडावर टाके घालणार. शनिवारी तीन वाजता बँडपथकाची स्पर्धा होती आणि चोवीस कोटांच्या खिशांवर ट्रम्पेट आणि त्याखाली वादकाचं नाव भरून द्यायचं होतं.

माझा नवरा घड्याळातले सेल बदलतो, म्हणून घरातला तंत्रज्ञ. बुधवारी तो नवा कॉम्प्युटर घेऊन आला आणि तासाभराने कपाळ पुसत म्हणाला, "याची सिस्टीम वेगळी आहे. आपला प्रोग्रॅम दुसऱ्या सिस्टीमसाठी बनवलाय. तो यावर चालत नाही."

"मग हा आणलास कशाला?"

"बारीक आहे ना दिसायला."

"आणि माझ्या बावीस वर्षांच्या नक्ष्या?"

"त्या आहेत, आई. फक्त उघडत नाहीत."

सासूबाईंनी मशीनवर जुनी चादर पांघरली. ते मला बघवेना.

गुरुवारी दुपारी सगळे झोपल्यावर मी हळूच कॉम्प्युटरपाशी गेले. या दुखण्यावर एक दुभाषी प्रोग्रॅम मिळतो. तो मी बसवला. तो दोघांच्या मध्ये बसतो. जुना प्रोग्रॅम आपल्या भाषेत काही मागतो, दुभाषी ते नव्या सिस्टीमला तिच्या भाषेत सांगतो आणि मिळेल ते आणून देतो. जुन्याला वाटतं, आपण आपल्याच घरी आहोत. (माझ्यासाठी असा कोणी लग्नातच बसवून दिला असता तर किती सोय झाली असती.)

चार वाजता सासूबाईंनी सवयीने बटण दाबलं आणि तीन सेकंदांत प्रोग्रॅम उघडला.

"मी सकाळी एक काहीतरी दाबलं होतं," नवरा म्हणाला. "त्याचा परिणाम आत्ता दिसला असेल."

पण सासूबाईंच्या कपाळाला आठ्या. "एवढ्यात आला? म्हणजे कच्चा आलाय."

जुना कॉम्प्युटर सकाळी प्रोग्रॅम उघडायला अकरा मिनिटं घ्यायचा. तेवढ्यात सासूबाई भाजी चिरत, सासरे दाढी करत आणि नवरा मोजे शोधत असे. (तीन सेकंदांत त्याला एकही मोजा सापडला नसता.) शिवाय सासूबाईंची एक वही होती. तिच्यात लिहिलं होतं: पंखा बंद करावा. लाल पाटी येते, तिला 'नाही' म्हणावे. प्रत्येक नक्षीनंतर प्रोग्रॅम बंद करून परत उघडावा, दमतो.

पडद्यावर येणारी ती लाल पाटी कधीच मोडीत गेलेल्या एका प्रिंटरची चौकशी करायची. नव्या कॉम्प्युटरवर ती आलीच नाही.

"पाटी कुठाय?"

"नाही आली तर चांगलंच की, आई."

"बावीस वर्षं मी तिला नाही म्हणतेय. आज ती विचारत नाही, म्हणजे परस्पर काहीतरी ठरवून बसली असणार. लोकांचं कापड आहे, मी सुई लावणार नाही."

सासऱ्यांनी पंखा बंद करून पाहिला. पाटी आली नाही, घाम तेवढा आला.

इथे एक वाक्य बोलले असते तर काम झालं असतं. पण वाक्य बोलण्यापेक्षा मला लाल पाटी बनवणं सोपं वाटलं. शुक्रवारी दुपारी मी ती बनवली. बटण दाबलं की अकरा मिनिटं काही होणार नाही, मग पाटी येणार, 'नाही' म्हटलं की प्रोग्रॅम उघडणार.

शनिवारी नऊ वाजता पाटी उगवली आणि सासूबाईंचा चेहरा उजळला. "नाही!" त्या मोठ्याने म्हणाल्या. सासऱ्यांनी मुलाची पाठ थोपटली. "शेवटी जमवलंस." नवऱ्याने ते विनयाने स्वीकारलं.

पहिला खिसा सहा मिनिटांत भरून झाला. सासूबाईंनी वहीप्रमाणे प्रोग्रॅम बंद केला, परत उघडला, आणि परत अकरा मिनिटं. जुना कॉम्प्युटर अकरा मिनिटं फक्त सकाळी, एकदाच घ्यायचा. माझी पाटी मात्र दर वेळी घेत होती.

साडेअकराला नऊ खिसे झाले होते. बँडमास्तर दारातल्या स्टुलावर ट्रम्पेट मांडीवर घेऊन बसले होते. "काकू, पंधरा जण बनियनवर वाजवणार का?"

"प्रोग्रॅम मुरायला नको का?"

"असं चाललं तर पावणेचार होतील हो! वर्षभर घासलंय पोरांनी."

सासूबाईंनी वही उघडली, मिटली, परत उघडली. वहीत यावर काही नव्हतं.

"ती अकरा मिनिटं मी घातली आहेत," मी म्हणाले.

सासरे चमकून कॉम्प्युटरकडे वळले. "अरे, हा बोलतो पण?"

"बाबा, तो नाही. मी."

चार माणसं माझ्याकडे बघत होती. मी खुर्चीवर बसले, मिनिटभरात ती अकरा मिनिटं काढून टाकली आणि पाटी तेवढी ठेवली. बटण दाबलं. पाटी लगेच आली. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाल्या, "नाही."

एक वाजून पाच मिनिटांनी बँडमास्तर चोवीस कोट खांद्यावर टाकून पळत सुटले. नवऱ्याने मोजे शोधायला घेतले. सासूबाईंनी मशीनवरचे दोरे झटकले आणि माझ्याकडे वळल्या.

"हे सगळं तुला येत होतं. मग दीड महिना काय करत होतीस?"

"सुरू होत होते, आई."