हिरूतात्यांचा डावा पाय

अन्याय झाला तो हिरूतात्यांवर, आणि तो झाला गेल्या दसऱ्याला सकाळी, गाडीच्या बॉनेटवरचा झेंडूचा हार अजून ताजा असताना. भर अंगणात, सुनेसमोर, नातीसमोर आणि माझ्यासारख्या भाडेकरणीसमोर त्यांच्या मुलानं त्यांच्या हातातून गाडीची किल्ली काढून घेतली. लोक सोनं लुटतात त्या दिवशी यानं बापाची किल्ली लुटली. मी तिथल्या तिथे जाहीर निषेध केला. तो ऐकायला घरचा कुत्रा सोडून कोणी थांबलं नाही, हा भाग वेगळा.

गुन्हा काय, तर तात्या ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकाच वेळी दाबतात.

हे चूक आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पळस्पे फाट्यावर माणसाला जिवंत रस्ता ओलांडता यावा, एवढ्या साध्या मागणीसाठी आमचा गट पत्रकं वाटतो आणि ती पत्रकं मी लिहिते. बेफिकीर गाडीवाल्यांना मी छापील शिव्या दिलेल्या आहेत. तात्यांनाही मी तोंडावर सांगितलं होतं, "तात्या, तुम्ही माझे घरमालक असलात तरी उद्या तुमच्यावरही पत्रक काढीन."

"काढ ना गो," तात्या म्हणाले. "पन फोटू चांगला लाव. फेट्यातला."

फेट्यातला फोटो शर्यतीचा आहे. विमानतळासाठी गाव उठायच्या आधी तात्यांकडे शर्यतीचे बैल होते. गाव उठलं, बैल गेले, आणि पनवेलात ही तीन मजली इमारत उभी राहिली. तळमजल्यावर गाडी, पहिल्या मजल्यावर मुलगा नरेश आणि त्याचा संसार, दुसऱ्यावर मी आणि माझी आई. तात्या कागदोपत्री पहिल्या मजल्यावर राहतात. प्रत्यक्षात ते गाडीत राहतात.

गाडी नरेशनंच घेऊन दिली. तात्यांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले क्लच विसरा. म्हणून ऑटोमॅटिक आली. तिला क्लच नाही, पायाखाली दोनच पेडल, आणि दोन्ही उजव्या पायानं वापरायची. डाव्या पायाला काम नाही. इथेच सगळं बिनसलं.

"रिकामा बसवायचा?" तात्या मला विचारत. "आमच्या घरात रिकामा कोन बसला नाय. बैल म्हातारा झाला तरी पानी आनायला जायचा. आनि यो पाय, त्यावर एवरा खर्च केला, यो नुसता बसनार?"

म्हणून डावा पाय ब्रेकवर, उजवा अ‍ॅक्सिलरेटरवर, आणि दोघेही एकाच वेळी कामावर. मग गाडी टिंग टिंग वाजे, समोरच्या पडद्यावर पिवळी इंग्रजी अक्षरं उमटत, इंजिनाचा जोर जाई आणि मागचा रिक्षावाला आमच्या सात पिढ्यांची चौकशी करी. तात्यांना इंग्रजी येत नाही. त्यांनी सगळ्या आळीला सांगून ठेवलं होतं, "गाडी वलखते मला. नमस्कार करते." आळीतल्या चार बायकांनी हे ऐकून गाडीला उलट नमस्कारही केला होता.

मला हे चाललं नाही. मी शास्त्र समजावून सांगितलं. तात्यांनी ऐकून घेतलं आणि मला उलट शास्त्र सांगितलं.

"तू कवा बैल हाकलंस का? नाय ना? मंग. एका हातात कासरा, दुसऱ्या हातात काठी. कासरा वरायचा नि काठी लावायची, दोनी एका टायमाला. नुसती काठी लावलीस, का बैल गेला शेतात नि तू गटारात. कासरा तानलेला असला का त्याला कलतं, मागं मानूस हाय."

"पण ही गाडी आहे, तात्या."

"तिला बी कलाय पायजे ना, मागं मानूस हाय."

हे वाक्य त्यांचं ठरलेलं. रिक्षावाला ओरडला की हेच वाक्य. नरेश ओरडला की हेच. सर्व्हिस सेंटरच्या पोरानं गाडी तपासून "गाडीत काही फॉल्ट नाही, फॉल्ट पायात आहे" असं लेखी दिलं, तेव्हा मात्र तात्यांनी वाक्य बदललं. "मंग पाय बदलून द्या," म्हणाले. "वॉरंटीत हाय का?"

आणखी एक तक्रार नोंदवते. या गाडीत मला पुढं बसायला कधी मिळालं नाही. डावीकडच्या सीटवर गोधडीच्या तुकड्याची एक छोटी उशी कायम ठेवलेली. आईला दवाखान्यात नेतानाही आम्ही दोघी मागे, आणि उशी पुढे ऐसपैस. प्रवाशाचा हक्क वगैरे मी बोलून पाहिलं. तात्या म्हणाले, "ती शीट बुक हाय." मला वाटलं, तिच्यावर पूजेचा नारळ ठेवत असतील.

तर दसरा. गाडी धुतली, हार घातला, चारही चाकांखाली लिंबं ठेवली. तात्या पांढऱ्या शर्टात, कपाळावर टिळा लावून स्टिअरिंगवर बसले. रीत अशी, की गाडीनं पुढे जायचं आणि लिंबं चिरडायची. तात्यांनी दोन्ही पाय दाबले. टिंग टिंग. गाडी हलेना. लिंबं शाबूत.

"बाबा, डावा काढा!" नरेश ओरडला.

"नमस्कार करते रे ती! सनाचा दिवस हाय!"

तेवढ्यात नात आर्या खिडकीतून आत डोकावली. आर्या चौथीत आहे, इंग्रजी शाळेत, आणि तिला दिसेल ते मोठ्यानं वाचायची खोड आहे. तिनं पडद्यावरचं वाचलं आणि सगळ्या अंगणाला मराठीत सांगितलं, "आजोबा, नमस्कार नाहीये! ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकत्र दाबू नका, असं लिहिलंय! ओरडतेय ती तुम्हाला!"

अंगण हसलं. आळीतल्या त्या चार बायकाही हसल्या, ज्यांनी नमस्कार केला होता. तात्या गोंधळले, त्यांनी डावा पाय एकदम उचलला, उजवा तसाच राहिला. गाडीनं लिंबं चिरडली, आपट्याच्या पानांचं ताट चिरडलं, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या चिरडल्या आणि तुळशीपासून वीतभर अंतरावर थांबली. कुत्रा तेवढ्यापुरता भिंतीवर गेला होता.

कोणाला लागलं नाही. पण आर्या खिडकीला लटकलेली होती, तिच्या आईनं तिला वेळीच ओढलं म्हणून निभावलं. नरेशचा चेहरा पांढरा पडला. त्यानं दार उघडलं, किल्ली घेतली आणि म्हणाला, "संपलं. उद्यापास्नं ड्रायव्हर."

तात्या उतरले आणि चिरडलेली आपट्याची पानं गोळा करायला लागले. 

ड्रायव्हर आला. तात्यांनी त्याला एकदाही हाक मारली नाही. ते गाडीशेजारी खुर्ची टाकून बसत आणि फडक्यानं तीच तीच काच पुसत. बॉनेटवरचा हार वाळून काळा पडला, तरी काढू देईनात. नरेश सकाळी बाजूनं जाई, कानाला फोन; त्याचा रेती-विटांचा धंदा कानातच चालतो. सून वर ताट झाकून ठेवी आणि "बाबांचं ठेवलंय" असं कोणाला तरी सांगे. भांडण नव्हतं. आवाजही नव्हता. त्या घरात सगळे इतके समजूतदार झाले होते, की बघवत नव्हतं.

मी नरेशदादांकडे मागणी घेऊन गेले.

"आलात का मॅडम," ते म्हणाले. "पत्रक आनलंय का मोर्चा?"

"मागणी एकच. तात्यांची परीक्षा घ्या. घरापासून शिरढोणपर्यंत आणि परत, एका पायानं. गाडी एकदाही वाजली नाही तर किल्ली परत. वाजली तर मी स्वतः तात्यांना सांगेन, की आता पुरे."

"परीक्षा कोन घेनार? तुमी? तुमी त्यांच्या पार्टीतल्या."

"मी घेणार," आर्या म्हणाली. तिच्या प्रामाणिकपणाचा अनुभव सगळ्यांनी दसऱ्याला घेतलेला होता. नरेशदादा कबूल झाले.

तालमीत मी तात्यांचा डावा पाय गमछ्यानं सीटच्या दांड्याला बांधला. तात्यांनी पायाकडे बघितलं. "नाठाल गुराला बांधतात तसा बांधलास गो." रोज सकाळी रहदारीच्या आत, शेजारी तो ड्रायव्हर, मागे मी. पहिल्या दिवशी पायानं ओढून ओढून गमछ्याला गाठ राहिली नाही. नंतर नंतर गाठ राहिली. उशी मात्र पुढेच राहिली. ड्रायव्हर तिच्यापुढे कसाबसा अर्ध्या सीटवर टेकून बसे.

परीक्षेच्या रविवारी तात्यांनी ड्रायव्हरला उतरवलं. "परीक्षा माजी हाय, का याची?" मी आणि आर्या मागे. आर्या दोन सीटांच्या मधून मान काढून पडद्यावर नजर लावून बसली. तात्यांनी गाडी बाहेर काढली. आवाज नाही. पळस्पे फाट्यावर एक ट्रेलर इंडिकेटर न देता आडवा घुसला, तेव्हा गमछा असा ताणला गेला की सीट करकरली. पण ब्रेक दाबला तो उजव्याच पायानं, नीट, वेळेवर. आवाज नाही. मी त्या ट्रेलरला जे बोलले ते छापण्यासारखं नाही. शिरढोणला चहा झाला, गाडी वळली, फाटा पुन्हा पार झाला. आर्यानं एकदाही तोंड उघडलं नाही, हा तिच्या आयुष्यातला विक्रम असावा.

फाटकातून आत आलो. नरेशदादा जिन्यात उभे होते. तात्यांनी गाडी जागेवर लावली, हँडब्रेक ओढला. इंजिन चालूच. परीक्षा पास झाली होती. मी घोषणा द्यायला तोंड उघडलं.

"आदी पाय सोड गो," तात्या म्हणाले.

मी वाकून गाठ सोडली. तात्यांनी डावा पाय सावकाश पुढे नेला, ब्रेकवर ठेवला, उजवा अ‍ॅक्सिलरेटरवर. दाबले.

टिंग टिंग.

"आजोबा!" आर्या किंचाळली. "आता? सगळं झालं होतं ना!"

"उबी हाय गाडी. उब्या गाडीत काय व्हतंय." ते पडद्याकडे बघत होते. "माला म्हाईत व्हतं गो, नमस्कार नाय ते. पयल्या दिसापास्नं म्हाईत व्हतं. वरडल्यालं कलतं मानसाला."

मग त्यांनी उशीवर हात ठेवला.

"तुजी आजी हितं बसायची. पाठीला उशी. गाडी फाटकाभाईर पडली का सुरू. हलू! जल्ला मेल्या, हलू! माला तर हलू चालवता येत नाय. मंग मी उजवा तसाच ठेवायचा, नि तिला दाखवायला डाव्यानं जरा ब्रेक दाबायचा. तिचं बी राह्यलं, माजं बी राह्यलं. गाडी वाजायची. ती बोलायची, बग, गाडीला बी कलतं, तुला कलत नाय." ते थोडं हसले. "डावा पाय तिचा व्हता. ती गेल्यावर घरात कोन वरडत नाय माज्यावर. हीच काय ती."

बैल, कासरा, काठी, ते सगळं आम्हाला सांगायला होतं. तात्यांच्या बायकोला, यमुनाकाकींना, जाऊन दोन पावसाळे झाले. मी आजवर जी उशी नारळाची समजत होते, तिच्यावर मी दोनदा पत्रकांचा गठ्ठाही ठेवलेला.

खिडकीच्या काचा खाली होत्या. नरेशदादा जिन्यावरून उतरून गाडीपाशी आलेले मला दिसले नव्हते. त्यांनी बापाच्या हाताकडे पाहिलं, उशीकडे पाहिलं. आता हे हात पुढे करून किल्ली मागणार, म्हणून मी निषेधाची तयारी केली. त्यांनी घसा खाकरला, एकदा, दोनदा, आणि सगळी आळी ऐकेल असं ओरडले,

"बाबा! किती येल बसनार गाडीत? जेवन थंड झालं! रोज रोज तुमाला बोलवायला यायचं का मी?"

कुत्रा पुन्हा भिंतीवर गेला. तात्यांनी इंजिन बंद केलं आणि किल्ली आपल्या खिशात घातली. कोणी हरकत घेतली नाही.

"आलो रे, आलो," ते म्हणाले. "वरडतो कशाला." पण उतरताना त्यांनी बॉनेटवरचा वाळलेला हार स्वतःच्या हातानं काढला.

आता मागणी, आणि ती तुमच्याकडे. तुमच्याही घरात एक म्हातारा किंवा म्हातारी असेल, जिच्याशी सगळे फार सांभाळून, फार हळू बोलतात. किल्ली द्यायची की नाही हे त्यांच्या डोळ्यांच्या डॉक्टरला विचारा; चालत्या गाडीत दोन्ही पाय दाबणाऱ्याला माझी माफी नाही. पण ताट झाकून ठेवू नका. आज घरी जा, जिन्याखाली उभे राहा, आणि त्यांच्यावर ओरडा. मोठ्यानं.