टर्नली साहेबांना काय हवं होतं

आमच्या टर्नली साहेबांना कोणी ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं, की ते मान हलवायचे, तो माणूस पुढे जाईपर्यंत थांबायचे आणि मग मला हळूच विचारायचे, “याला काय हवंय?”

बहुतेकदा कोणाला काहीच नको असायचं. पण हे त्यांना पटवणार कोण? मस्कतच्या गाला भागात त्यांची पाण्याच्या पंपांची कंपनी होती आणि मी तिथे सेक्रेटरी. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही दार्सैतला राहायचो. नवरा एका विमा कंपनीत, मी या गोऱ्या साहेबाच्या हाताखाली. पहिल्याच दिवशी मी त्यांना चहा करून दिला, तर त्यांनी कप बाजूला सरकवला आणि मला रजा हवी आहे का, असं विचारलं.

व्हिजिटिंग कार्ड हातात आलं की ते आधी उलटं करून कोरी बाजू बघत. दिवाळीला मी चकल्या नेल्या, तर एक उजेडात धरून पाहिली आणि ड्रायव्हरला देऊन टाकली. कंपनीचे ओमानी भागीदार, ज्यांना आम्ही सगळे अर्बाब म्हणायचो, फार सौम्य गृहस्थ. येताना खजूर आणायचे. ते गेले की साहेब त्या डब्याकडे बराच वेळ बघत बसायचे, जणू आत एखादी अट लपवून ठेवली आहे.

साऱ्या ओमानात त्यांचा एकाच माणसावर विश्वास होता. त्यांच्याच गावचा एक इंग्रज, दुसऱ्या कंपनीतला. दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, दोघं वाळूच्या मैदानात गोल्फ खेळायचे आणि साहेब दुसऱ्या दिवशी जरा माणसात असायचे.

मग सलालाहच्या एका मोठ्या टेंडरमध्ये आमचा भाव फुटला. कोणीतरी आमच्यापेक्षा किंचित कमी भरून काम नेलं. भाव मी टाइप केला होता, म्हणजे संशय माझ्यावर. साहेबांनी आरडाओरडा केला नाही. माझ्या टेबलाची किल्ली मागून घेतली, इतकंच. पण त्या दिवसापासून ऑफिसातले लोक मला बघून बोलणं थांबवायला लागले. असं नाव खराब होऊन बाहेर पडले असते, तर गाला भागात मला कोणी दारात उभं केलं नसतं. रात्री नवऱ्याने विचारलं, सामान बांधायला घ्यायचं का.

अर्बाबांनी आपल्या पद्धतीने, चार ठिकाणी कहवा पीत चौकशी केली. निघाला तो गोल्फवाला दोस्त. खेळता खेळता साहेबांनीच त्याला भाव सांगितला होता.

साहेबांनी माझी माफी मागितली नाही. किल्ली आणून टेबलावर ठेवली, माझ्याकडे चहा मागितला आणि समोर उभं राहून सगळा प्यायले. गोल्फ कायमचं बंद झालं.

दशक सरता सरता त्यांनी जाहीर केलं, की इंग्लंडला परत जाऊन निवडणूक लढवणार. आम्ही पाठीमागे पोट धरून हसलो. दारोदार जाऊन हा माणूस मत मागणार, तेही हसऱ्या चेहऱ्याने! कंपनी अर्बाबांनी घेतली, पण साहेबांचा छोटा हिस्सा राहिला. त्यामुळे नवीन मॅनेजर पंप पळवतो का, हे विचारायला त्यांचे लंडनहून फोन यायचे आणि राजकारण कळायचं. पहिल्यांदा पडले. “लोक फारच प्रेमाने बोलत होते, तेव्हाच मी ओळखलं होतं,” म्हणाले.

दुसऱ्यांदा मात्र निवडून आले, आणि पार्लमेंटात त्यांचा स्वभाव कामाला आला. सरकारी खरेदीवर ते प्रश्न विचारायचे. एवढ्या खुर्च्या कशाला? या पुलाला दुप्पट खर्च का? पक्ष खूश होता. मग त्यांनी आपल्याच पक्षातल्या एका बड्या माणसाला विचारलं, की अमक्या व्यापाऱ्याच्या पैशाने सहकुटुंब सहल कशी काय केली. प्रश्न बरोबर होता. पुढच्या वेळी उमेदवारी मिळाली नाही. त्यानंतर फोनही थांबले.

आणि दोन-तीन वर्षांनी एका गुरुवारी अचानक फोन. मस्कतमध्ये आहे, उद्या तुमच्या घरी येऊ का?

इतक्या वर्षांत साहेबांना आणि मॅडमना कितीदा बोलावलं, कधी आले नव्हते. नवरा लगेच म्हणाला, “याला काय हवंय?” मी अर्बाबांना फोन केला, तर त्यांना साहेब आल्याचा पत्ताच नव्हता. आता मात्र माझ्याही मनात पाल चुकचुकली. कंपनीच्या भानगडीत माझी साक्षबिक्ष हवी असेल?

शुक्रवारी साहेब टॅक्सीने आले, कोट-टाय घालून. खूप वाळले होते. नवरा दही आणायला गेला, मी स्वयंपाकघरात सुरमई तळत होते. बाहेर टेबलाशी माझ्या सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. त्या कुडाळहून तीन महिन्यांसाठी आलेल्या. इंग्रजीचा गंध नाही. थोड्या वेळाने पंख्याच्या घरघरीतून साहेबांचा आवाज यायला लागला. हळू, पण सलग. मध्ये मध्ये सासूबाईंचं “होय मां.” म्हातारीकडून काय काढून घेतायत हे, म्हणून मी कान देऊन ऐकत होते, पण शब्द लागेना. मी ताटं घेऊन गेले तर साहेब गप्प झाले. त्यांच्यापुढे सोललेल्या शेंगांचा ढीग होता.

जेवून ते बाल्कनीत जाऊन उभे राहिले. सासूबाई माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आल्या.

“ह्येची बायल गेली गो. तेणां तुका सांगूक नाय?”

“मॅडम गेल्या? तुम्हाला कसं कळलं? इंग्रजीत बोलत होते ना?”

“बोलताना बाजूच्या रिकाम्या खुर्चेर बघी होतो,” त्या म्हणाल्या आणि ताटं विसळायला लागल्या.

मी बाल्कनीत गेले. मॅडम कशा आहेत, असं विचारलं. साहेब खाली रस्त्याकडे बघत राहिले.

“एप्रिलमध्ये गेली,” ते म्हणाले. मग सांगू लागले. नंतर घरी बरेच लोक आले होते. फुलं घेऊन, जेवण घेऊन. बेल वाजायची आणि ते आत जिन्यावर बसून असायचे. “मला दार उघडताच आलं नाही.”

नवरा आतून आइस्क्रीम आणू का, म्हणून विचारत होता.

साहेब माझ्याकडे वळले. “तुमच्या सासूबाई उद्या काय करणार आहेत?”

“कोळंबी साफ करतील बहुतेक. पण मी तर ऑफिसात असेन.”

“हो, ते आलं लक्षात,” ते म्हणाले. “मी सकाळी येतो.”