गोरक्षचा सात लिटर चहा

"चहात काय अवघड हाय? रोज हजार लिटर दूध हाताखालनं जातंय माज्या! एक कप चहा मला भारी हाय व्हय?"

गोरक्ष असं म्हणाला तेव्हाच मोनिकाने त्याला थांबवायला हवं होतं. पण ती गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून पलंगावर मुटकुळं करून पडली होती. तासाभरात शाळेत जायचं होतं. अंगात होती नव्हती ती ताकद तिने चौथीच्या पोरांसाठी राखून ठेवली होती.

गोरक्ष देवळाली प्रवऱ्याच्या दूध संकलन केंद्रावर दुधाची फॅट काढायचा. मशीन नावालाच. दूध घालणाऱ्याचं तोंड बघून दुधात पाणी किती ते सांगतो, अशी त्याची स्वतःबद्दलची ख्याती होती. मोनिका वस्तीवरच्या शाळेत शिक्षिका. लग्नाला सहा वर्षं झाली आणि सहाही वर्षं महिन्याचे चार दिवस तिने दातओठ खात काढले. डॉक्टर बदलून झाले, नवस बोलून झाले, 'बायकांचं चालायचंच' हे तर उठता-बसता ऐकून झालं. शेवटी मागच्या महिन्यात नगरच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि त्या दुखण्याला नाव दिलं. एंडोमेट्रिओसिस! गर्भाशयाच्या आत असतं तसलं अस्तर बाहेर भलत्याच ठिकाणी वाढतं आणि दर महिन्याला जीव नकोसा करतं.

बाईंनी गोळ्या लिहून दिल्या. उठता उठता म्हणाल्या, "आल्याचा, बडीशोपेचा कोमट चहा घेतलात तर थोडं बरं वाटेल. पण त्याने आजार जात नाही हं, गोळ्या चुकवायच्या नाहीत." एवढ्या मोठ्या बोलण्यातलं गोरक्षच्या डोक्यात एकच राहिलं. चहा!

मोनिकाची मात्र एक अट होती. "आईंना एवढ्यात काही सांगू नका. आधीच सगळ्या 'पाळणा कधी' म्हणून टपल्यात. मला जमेल तेव्हा माझं मीच सांगेन."

गोरक्षने छातीवर हात ठेवून शब्द दिला.

दुपारी तो वैजनाथच्या किराणा दुकानात गेला. तिथे बडीशोपेची बरणी बघून त्याच्या मनात आलं, ही तर हॉटेलात बिलाबरोबर फुकट मिळते, ही काय दुखणं थांबवणार? एवढ्या मोठ्या नावाच्या आजाराला तशीच जबरी शोप पाहिजे!

"वैजूभाऊ, बाळंतशोपा दे अर्धा किलो. सुंठ, ओवा, दालचिनी पन दे."

वैजनाथचा हात तराजूवरच थांबला. "बाळंतशोपा? वहिनींसाठी?"

"व्हय. पन कुठं बोलू नको बरं का. एवढ्यात कुनाला सांगायचं न्हाई, असं ठरलंय आमचं."

आता हे वाक्य आमच्याकडे नेमकं कधी बोलतात, हे शेंबडं पोरही सांगेल. गोड बातमी तीन महिने बाहेर काढायची नसते. मग घरातल्या चार बायका गुपचूप ओटी भरतात, तिला चोरओटी म्हणतात. गुपचूप म्हणजे अख्ख्या गल्लीला माहीत असतं, फक्त मोठ्याने कुणी बोलत नाही. आणि बातमीबद्दल कुणी विचारलंच, तर 'छे, तसं काही नाही' म्हणायचं असतं.

वैजनाथ शब्दाचा पक्का. त्याने कुणालाही सांगितलं नाही, फक्त बायकोला सांगितलं. तिनेही फक्त गोरक्षच्या शेजारणीला, बनुबाईंना सांगितलं. मग आणखी कुणाला सांगायची गरजच उरली नाही.

इकडे गोरक्षने पातेलं चढवलं. मोबाईलवरच्या बाईने एका कपाला अर्धा चमचा सांगितला होता. पण रोज कॅनमध्ये मोजणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत चमचा भरतो कुठला! त्याने सात लिटर पाणी ओतलं, अर्धीअधिक पुडी रिकामी केली आणि जाळ मोठा केला. पंधरा मिनिटांत घरातून बाळंतिणीच्या खोलीचा वास सुटला आणि वाऱ्याबरोबर गल्लीभर फिरून आला.

कुंपणावरून बनुबाईंचं डोकं वर आलं. "गोरख्या, कशाचा रे वास?"

"चहा हाय काकू."

"व्हय व्हय, चहाच हाय!" बनुबाईंनी पदर तोंडाला लावला.

"काकू, तुमाला वाटतंय तसलं काई न्हाई!"

"न्हाईच म्हनायचं असतंय, बाळा!" म्हणत डोकं खाली गेलं.

 गोरक्षच्या डोक्यात आत्ता कुठे उजेड पडला! तेवढ्यात दारात त्याची आई छबूबाई उभी. लेकीकडे केडगावला चार दिवस राहून ती आत्ताच एसटीतून उतरली होती आणि स्टँडवरच तिला कुणीतरी गाठलं होतं. डोळ्यांना नुसती धार!

"माज्यापासून बी लपवलं रं?"

"आई, खरंच तसलं काई न्हाई!"

"बराब्बर! असंच म्हनायचं. तुज्या बापानं तर पाचव्या महिन्यापतूर न्हाईच म्हनलं हुतं."

"शिंगणापूरच्या शनिदेवाची शप्पत—"

फाट्कन हातावर चापट बसली. "असल्या दिवसांत शपता घेत्यात व्हय, मुडद्या!"

खरं काय ते सांगावं, तर मोनिकाला दिलेला शब्द मोडतो. न सांगावं, तर नाहीचं हो होतं. गोरक्षची अवस्था धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी झाली. त्याने मोनिकाला सात वेळा फोन लावला. तिचा फोन वर्गात कपाटात असायचा.

साडेचारला आठ बायका आल्या. पाट आला, पाटाभोवती रांगोळी आली, हिरवं खणाचं कापड आलं, नारळ आला, पाच फळं आली. बांगड्यांची टोपली घेऊन मुबारकबी आली. "हिरवा चुडा भरते पोरीला. सहा सालापासून दुवा मागते मी!" छबूबाई तर पोरीसारखी घरभर पळत होती. आईला इतकं खुशीत गोरक्षने कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. आणि या सगळ्या आनंदात मोनिका पाय ठेवणार होती. दमलेली, दुखणं घेऊन!

स्कूटी वाजली तसा तो फाटकाकडे धावला.

"मोनिका, तू आत्ताच्या आत्ता कुठंतरी जा."

"कुठं?"

"कुठं बी. ताईकडं. केडगावला."

"का?"

"सहज."

तिने त्याच्या खांद्यावरून आत बघितलं. पाट, रांगोळी, नारळ, आठ हसरे चेहरे. मग नाकाने तो वास घेतला.

"काय करून ठेवलंत?"

"चहा," गोरक्ष म्हणाला.

ती आत गेली. पाटापाशी थांबली, पण बसली नाही. गोरक्षने डोळे मिटून घेतले.

"सगळ्याजणी खाली बसा," मोनिका शाळेतल्या आवाजात म्हणाली. सगळ्या बसल्या, गोरक्षही बसला. "मला दिवस गेलेले नाहीत."

"न्हाईच म्हनायचं अस—"

"काकू, माझा आज दुसरा दिवस आहे!"

 बनुबाईंनी नारळ हळूच मागे ओढला. मग मोनिकाने सगळं सांगितलं. आजार काय, गोळ्या कसल्या, दुखतं कसं, आणि पाळण्याची चौकशी झाली की त्यावर आणखी कसं दुखतं. आजाराचं नाव तिने दोनदा सांगितलं. एकीलाही उच्चारता आलं नाही, पण हसलं कुणी नाही.

छबूबाई खाली मान घालून बसली होती. ती तशीच म्हणाली, "गुडघं पोटाशी घेऊन पडावं वाटतंय? उलटी येती? कंबर तुटून पडती?"

"हो आई."

"मी उसाच्या पाचटात जाऊन पडायचे. सासू म्हनायची, सोंगं करती. मला वाटलं, समद्यांचंच असतंय असं." तिने मोनिकाकडे बघितलं. "आन् मी तुला बी तेच म्हनले गं पोरी. लई चुकलं माजं."

 मोनिका सासूच्या शेजारी बसली आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. सहा वर्षांत पहिल्यांदाच!

पहिली सावरली तीही छबूबाईच. डोळे पुसून उठली. "चल, पाटावर बस. वटी भरायची."

"दुसऱ्या दिवशी?" बनुबाई किंचाळल्या.

"मंग? पाळन्याची वटी भरता, सोसल्याची कोन भरनार? आना तो नारळ!"

भरली! मुबारकबीने चुडाही भरला. "घरातनं काढलेल्या बांगड्या परत न्यायच्या नस्तात," म्हणाली. बोलता बोलता तिघीजणींनी आपलंही तसंच दुखतं असं सांगितलं, आणि मंगळवारी नगरच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं तिथेच ठरलं. मग गोरक्षने आटलेला चहा वाटला. पहिल्या घोटाला छबूबाईचे डोळे पांढरे झाले. "आरं, व्यालेली म्हैस बी तोंड लावनार न्हाई याला!" तरी गूळ घालघालून, नावं ठेवठेवून, हसत हसत बायकांनी पातेलं रिकामं केलं.

बायका गेल्यावर गोरक्षने आत जाऊन विचारलं, "चहानं जरा बरं वाटलं का गं?"

"मला मिळाला कुठे? मी गोळी घेतली," मोनिका म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती हसत होती. "मला बरं वाटायला हवं असेल ना, तर चहा राहू द्या. या चार दिवसांत आपल्या म्हशीची धार तेवढी तुम्ही काढत जा."

"हात्तिच्या! धारंत काय अवघड हाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गोरक्ष लंगडत केंद्रावर पोचला. उजव्या गुडघ्यावर म्हशीचा खूर स्पष्ट उमटला होता. फॅटचं मशीन लावतो तोच बनुबाईंचे मालक बन्सीमामा तांब्याभर दूध घेऊन समोर उभे. रोज दहा लिटर घालणारा माणूस!

"मामा, बाकीचं कुठं गेलं?"

"निम्मं गोठ्यात सांडलं, निम्मं धोतरावर!" मामा कडाडले. "काय शिकवून ठेवलंस रं आमच्या म्हातारीला? कालपासनं धारंला बसंना!"

"पन काकू तर साठीच्या..."

"तेच म्हनलं मी! तर म्हनती, पाळी हुती तवा एक दिस बी इसावा दिला न्हाई, तवाचे समदे राहिलेले दिस आता घेनार!"

"मामा, मी फकस्त चहा केला हुता हो," गोरक्ष पुटपुटला आणि त्याने मामांच्या मागे बघितलं. दारापासून रस्त्यापर्यंत रांग लागली होती. सगळ्यांच्या हातात तांबे, आणि एकही जण धड चालत नव्हता.