अयूबभाईंचं नवं लिनक्स

दीपालीच्या दुकानात पुन्हा पेढे वाटणं सुरू होतं, आणि रस्त्याच्या अलीकडून अयूबभाई ते काचेतून बघत होते.

आलापल्लीच्या बस थांब्यासमोर ऑनलाइन अर्ज भरून देणारी दोनच दुकानं. अयूबभाईंचं जुनं, दीपालीचं दोन-अडीच वर्षांपूर्वीचं. तिनं कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स टाकलं तेव्हा अयूबभाई पोट धरून हसले होते. "फुकटची चीज हाय. कोनी बनवली, काई मालूम नाई!" पहिल्या आवृत्तीत मराठी जोडाक्षरं तुटून छापली गेली, त्या दिवशी त्यांनी घरी बिर्याणी करायला लावली.

पण दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येतच राहिली. दुसरीत जोडाक्षरं जुळली. तिसरीत प्रिंटर ऐकू लागला. चौथी आली तेव्हा शाळेतल्या मास्तरांनी अडगळीतले कॉम्प्युटर तिच्याकडून जिवंत करून नेले. प्रत्येक आवृत्तीला दीपाली पेढे वाटायची, आणि प्रत्येक वेळी गर्दी वाढलेली असायची.

कहर म्हणजे अयूबभाईंची बायको, अख्तरी, रेशनकार्डाचा अर्ज तिथूनच भरून आली.

"तिच्या इथी पटकन होते जी," ती म्हणाली. "पेढा पन देल्ला. खाता का अर्धा?"

अयूबभाईंना जेवणसुद्धा गेलं नाही.

पुढची आवृत्ती अजून पक्की झालेली नव्हती, पण तपासून बघण्यासाठी ती लोकांना दिली होती. तीच आधी टाकायची, म्हणजे दीपाली मागे! अयूबभाईंनी बाहेर बोर्ड लावला, 'सर्वात नवं लिनक्स, आलापल्लीत पहिल्यांदा', आणि कामाला बसले. भाषा निवडायची यादी आली तेवढ्यात समोरच्या दुकानात मोठ्यानं हसणं झालं. त्यांनी मान वळवली, बोटाखाली यादी सरकली आणि क्लिक झालं. पुढच्या पडद्यावरचं एकही अक्षर लागेना. नव्या आवृत्तीत असंच असेल, असं समजून ते रंगीत बटण दाबत गेले. जुनं सगळं पुसून झाल्यावर पहिलं गिऱ्हाईक आलं, लटारूभाऊ.

"अयूबभाई, हे तर सिरोंच्याच्या पाट्यांवरचं लिवनं हाय. तेलुगू!"

"नवीन हाय भाऊ. असंच असते."

"मंग माहा धानाचा अर्ज तेलुगूत जाईन का?"

उत्तराची वाट न बघता लटारूभाऊ रस्ता ओलांडून गेले.

"दीपालीले इचारा नं," अख्तरी म्हणाली. "दोन मिनटाचं काम."

"मरून जाईन, पन तिले इचारनार नाई!"

दुकान ओस पडलं. मग एका दुपारी सिरोंच्याची बस थांबली आणि पाणी प्यायला उतरलेल्या एका बाईंनी पडदा बघितला. त्यांच्या मुलीचं लग्न नदीपलीकडे तेलंगणात ठरलं होतं. पत्रिका तेलुगूत हवी होती. सोबतच्या नवरीनं स्वतःच बसून ती टाइप केली. अयूबभाईंनी फक्त कागद लावला. बसबरोबर बातमी सिरोंच्यापर्यंत गेली. कोणाला पत्रिका, कोणाला व्याह्यांना पत्र. वाचायचं त्यांनी, टाइप करायचं त्यांनी. खुर्च्या कमी पडू लागल्या.

तरी आलापल्लीची माणसं दाराशी येऊन परत जायची. शेवटी अयूबभाईंनी दीपालीपुढे मान खाली घालायचं ठरवलं. चपला पायात सरकवल्या, तोच दीपालीच दारात उभी.

"चाचा, एक इचारू? सिरोंच्याचे लोक पह्यले माझ्या इथी उतरत होते. आता माझ्याकडे बघत पन नाई. तेलुगूचं तुमाले सुचलं कसं?"

तिच्या आवाजातली ती जळजळ अयूबभाईंनी ताबडतोब ओळखली. किती गोड वाटली! "बेटा, हे मराठी करून दे," हे ओठावर आलेलं वाक्य त्यांनी गिळून टाकलं.

"अनुभव लागते बेटा," ते खुर्चीत रेलत म्हणाले. "शिकवीन कधीतरी."

इतक्यात पडद्यावर तेलुगू मजकुराचा एक चौकोन उघडला. दीपालीनं आशेनं वाकून बघितलं. "हे काय लिवलं हाय, चाचा?"

अयूबभाईंनी चष्मा लावला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सावकाश नजर फिरवली.

"जेवाची वेळ झाली, असं लिवलं हाय," ते म्हणाले आणि शटर ओढायला उठले.